पाळण्याची पुरचुंडी

ही गोष्ट माझ्या मामेबहिणीच्या घरात घडली आहे. अगदी खरी. 'बाळंतिणीला भास होतात' ही अक्कल इथे कुणी पाजळू नका. मीही तेव्हा पाजळली होती, आणि आता लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधी. गाव आगरदांडा. आणि वेळ रात्रीची नाही...

भर दुपारची.

माझ्या या मामेबहिणीचं, केसरचं, बाळ बावीस दिवसांचं होतं. पाळण्याला ओवा, वेखंड आणि कापराची पुरचुंडी होती. तिची सासू सोनूबाई हिच्याकडे प्रत्येक कामाची पुरचुंडी असायची. पेटीतल्या लुगड्यांत वाळा-नागरमोथ्याची, सर्दीला ओव्याची, आणि मढं उचलणाऱ्यांनी नाकाशी धरायची कापराची. ही शेवटची मढ्यासोबतच सोडायची, घरात आणायची नाही. सोनूबाईच्या सासूच्या सासूपासून तसंच चालत आलेलं.

त्या सकाळी खाडीच्या काठाला एका बाईचं प्रेत लागलं. कोण, कुठली, कुणालाच माहीत नाही. चार दिवस पाण्यात राहिलेलं. पोलिसांनी होडीवाल्यांना बोलावलं. केसरचा नवरा विनेश घाईत निघाला आणि हाताला लागली ती पुरचुंडी घेऊन गेला.

पाळण्याची.

दुपारी तो अंघोळ करून आत आला, तशी केसर खेकसली, "पोराची पुरचुंडी कुठं हाय? आधी बांध ती."

त्याने तीच परत बांधली. बायकोच्या तोंडी लागायला नको, एवढाच विचार.

तासाभरात केसरच्या लक्षात आलं... घरात वासच नाही.

अंगणात बोंबील वाळत होते. कोळ्याच्या घरात तो वास नाही म्हणजे काय! तिने मूठभर सुकट हुंगली. काही नाही. पुरचुंडी हुंगली. काही नाही.

बाळाची टाळू हुंगली...

तिथेही काही नाही.

बाळ दूध पिईना. छातीशी धरलं की परक्या बाईने उचलल्यासारखं किंचाळायचं. तिने त्याला पाळण्यात ठेवलं आणि मोरीत हात धुवायला गेली. मागून आवाज आला.

चुटूक... चुटूक... चुटूक...

दूध ओढल्याचा आवाज.

ती धावली. पाळण्यात बाळ एकटंच. ओठ ओले. तिने बोट लावून चाखलं.

खारट.

संध्याकाळी विनेशने कबूल केलं. सोनूबाईने कपाळावर हात मारला. "मड्याची पुरचुंडी पोराच्या उशाला? अक्कल काय खाडीत टाकून आलास?"

तिने पुरचुंडी ओहोटीच्या पाण्यात सोडली, नारळ दिला, हात जोडले. "बाय, तुझं तुला दिलं. आमचं पोर सोड."

सकाळी बोंबलांचा वास घरभर पसरला. सगळ्यांच्या जिवात जीव आला.

पण बाळ केसरकडे पिईनाच. वाटी-चमच्याने दिलेलंही थुंकायचं. तिची छाती दगडासारखी झाली, कळा सोसवेनात. ती त्याला पाळण्यात ठेवेनाशी झाली.

मग तो आवाज तिच्या मांडीवरून यायला लागला. तिच्याच पदराखालून.

"भवाने, माझं पोर हाय!" ती रिकाम्या खोलीत ओरडली. "माझं हाय!"

आवाज थांबला नाही...

तिसऱ्या दिवशी ती बाळाला घेऊन आरोग्य केंद्रात धावली. पोर उपाशी मरेल, एवढीच भीती. नर्सबाईंनी बाळ काट्यावर ठेवलं. आकडा बघितला. कार्डावरचं मागचं वजन बघितलं.

"केवढं घाबरवलंत हो! चार दिवसांत पावणेदोनशे ग्रॅम वाढलाय की. तुमचं दूध छान अंगी लागतंय."

केसरने दगडासारख्या छातीवर हात ठेवला.

आठवड्यात तिचं दूध आटलं. बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर पेज खायला लागलं. तोवर ते कुणाच्या दुधावर वाढलं, हे त्या घरात कुणी विचारत नाही.

मुलगा आज दोन वर्षांचा आहे. गुटगुटीत. परवा बाजारात एका बाईने त्याचा गाल ओढून विचारलं, "तुझा ना गं हा?"

मी शेजारीच उभी होते.

केसरने उत्तर दिलं नाही...