यामिनी भोयर सापडत नाही

नागपूरच्या राष्ट्रीय समन्वय केंद्रात एक अख्खी भिंत व्यापणारा देशाचा नकाशा होता आणि त्यावर आता एकच पिवळा ठिपका उरला होता. केंद्राच्या प्रमुख डॉ. विशाखा देवपुजारी सकाळपासून त्या ठिपक्याकडे बघून कावल्या होत्या. आईकडून बाळाला होणारे संसर्ग देशातून हद्दपार करणं हे त्यांच्या केंद्राचं काम. एचआयव्ही आणि गरमी म्हणजे सिफिलिस, दोन्हींची ही वाट त्यांनी बंद करून दाखवली होती. उरली होती हेपॅटायटिस बी. लोक तिला बी कावीळ म्हणत.

पिवळा ठिपका म्हणजे जिचं काम अजून बाकी आहे अशी गरोदर बाई; हा तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातला होता. यामिनी गजेंद्र भोयर, बी काविळीचा संसर्ग, दिवस भरलेले. आणि ही बाई कुठे आहे ते दोन राज्यांतल्या एकाही माणसाला सांगता येत नव्हतं.

"तेलंगण म्हणतं, ती आमच्याकडे नाही. महाराष्ट्र म्हणतो, आमच्याकडे आलीच नाही," विशाखाताई म्हणाल्या. "मग काय, सीमेवरच बसून आहे का ही?"

"तुमच्या सांध्याला विचारा की," डॉ. हेरंब मुळ्ये कोपऱ्यातल्या खुर्चीतून म्हणाले. मुळ्ये मूळचे राजापूरचे, रोगप्रतिकारशास्त्रातले मोठे नाव, आणि दुसऱ्याच्या यंत्राला नावं ठेवण्यात त्याहून मोठे. "एवढा गाजावाजा करून बसवलाय तो."

'सांधा' ही केंद्राची संगणकप्रणाली. त्याआधी प्रत्येक राज्याचं यंत्र निराळं, प्रत्येकाची भाषा निराळी, सगळा कारभार एक ना धड भाराभर चिंध्या. सांध्याने त्या एकत्र शिवल्या. गरोदर बाई कुठल्याही गावी तपासायला गेली, तरी तिची आधीची माहिती तिच्या मागोमाग पोचायची. फक्त ओळखक्रमांक त्यात घालायला कायद्याने बंदी होती. पूर्वी असे क्रमांक फुटले, गावोगाव चर्चा झाल्या आणि बायकांनी तपासणीला येणंच सोडलं. तेव्हापासून सांधा माणूस ओळखायचा तो नाव, वय, रक्ताच्या काही खुणा आणि आजार यांचा मेळ घालून.

"तो म्हणतो, सापडत नाही," विशाखाताई म्हणाल्या. "आणि सर, ती बाळंत झाली असेल तर आपल्या हातात एकच दिवस आहे. तुमच्याच औषधाची अट आहे ही."

मुळ्यांची चेष्टा तिथे थांबली, कारण ते खरं होतं. 'गर्भकवच' त्यांनीच शोधलं होतं. पाचव्या महिन्यात पोटातून एक बारीक सुई घालून बाळाच्या रक्त तयार करणाऱ्या पेशींना नवा धडा द्यायचा. त्या पेशींपासून मग अशा रक्षक पेशी निपजतात, की त्यांना बी काविळीचा विषाणू यकृतात कुठे दडून बसला असला तरी हुडकता येतो आणि मारता येतो. पण जन्मल्यावर बाळाचं रक्त झपाट्याने वाढतं, त्यात या पेशी विरळ होतात. म्हणून जन्मापासून एका दिवसाच्या आत दुसरी मात्रा द्यावी लागे. यामिनीची पहिली झाली होती, दुसरी बाकी होती. ती चुकली, तर बाळंतपणात शिरलेला विषाणू यकृतात घर करणार आणि जन्मभर ठाण मांडणार.

"सासरी फोन लावते," विशाखाताई म्हणाल्या.

"आजाराचं सांगता येणार नाही हं घरच्यांना. कायदा आहे."

"बाळंतविडा द्यायचाय म्हणून सांगते. सरकारने बाळंतविडा दिला तर कोणाची हरकत नसते."

फोन यामिनीच्या सासूने उचलला. बाळंतविडा म्हटल्यावर तिचा आवाज खुलला.

"सून नाई जी इथं. माहेराले गेली सातव्या महिन्यातच. पयलं बाळतपन माहेरातच होते न."

"माहेर कुठलं?"

"पुसदकडचं. आमच्या घरी यामिनी, तिकडं अजून जुन्याच नावानं हाका मारतात. मी म्हनतो मारा बापा."

विशाखाताईंच्या हातातली पेन्सिल थांबली. त्यांची स्वतःची आई अजून त्यांना 'कुंदा' म्हणायची. लग्नात तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने त्यांचं नवं नाव लिहिलं होतं आणि तीस वर्षं त्या ते नाव वागवत होत्या. तरी हे आपल्या डोक्यात आलं नाही, याचा त्यांना स्वतःचाच राग आला.

"जुनं नाव काय हो त्यांचं?"

"तुळसा. माह्यंबी तुळसाच. आता एका घरात दोन तुळसा कशा खपतीन? कोनाले हाक मारली, कोन आली! म्हनून बदलून टाकलं."

विशाखाताईंनी पुसदच्या रुग्णालयात फोन लावून तुळसा नावाची बाळंतीण आहे का ते विचारलं. फोनवर डॉ. अन्सारी नावाचा तरुण डॉक्टर होता. त्याने उत्तर द्यायला क्षणही घेतला नाही. तुळसा दिगंबर राऊत, काल संध्याकाळी बाळंत झाली, मुलगी झाली, दोघी ठणठणीत आहेत, आता घरीच सोडतोय.

"काखेत कळसा नि गावाला वळसा!" मुळ्ये ओरडले. "द्या म्हणावं दुसरी मात्रा, लगेच."

"कशी देऊ, सर?" पलीकडून अन्सारी म्हणाला. "बाईंना बी कावीळ नाहीच. इथे आल्या तेव्हा आमच्याकडे त्यांची कसलीच माहिती नव्हती, म्हणून नव्याने सगळ्या तपासण्या केल्या. बी कावीळ निगेटिव्ह. गेल्या आठवड्यात पुन्हा केली, तीही निगेटिव्ह."

मुळ्ये फोनजवळ आले.

"मग ही ती नव्हे," ते म्हणाले. "लागण लहानपणीची होती ना? मग ती जात नाही. गोळीने दबते, पण जात नाही. योगायोगाने त्याच भागातली दुसरी बाई असणार."

सांध्याचंही हेच मत होतं. एकीला आजार आहे, एकीला नाही, तेव्हा या दोन बायका. त्याला नियमच तसा शिकवला होता : बी कावीळ, आजन्म.

"देऊनच टाकावी का मात्रा? असेल तर उपयोग होईल," विशाखाताईंनी विचारलं.

"आणि नसेल तर?" मुळ्ये म्हणाले. "पहिलं कवच न घेतलेल्या बाळाला ही मात्रा दिली तर त्याचं यकृत सुजेल. बाळाच्या रक्तात कवचाच्या पेशी आहेत का ते पाहायला दोन दिवस लागतात. आपल्याकडे दोन तास आहेत, फार तर तीन."

"मग एकच माणूस सांगू शकेल," विशाखाताई म्हणाल्या. "अन्सारी, त्यांच्या आईला जरा औषधाच्या दुकानात पाठवा आणि तुळसाबाईंकडे फोन द्या."

पडद्यावर तुळसा आली. तेवीस-चोवीसची, डोक्याला कानपट्टी बांधलेली, मांडीवर दुपट्यातलं बाळ. विशाखाताईंनी आपली ओळख सांगितली आणि तिला विचारलं, आदिलाबादच्या यामिनी भोयर तुम्हीच का?

"नाई जी," ती म्हणाली. "मी तुळसा राऊत."

"पाचव्या महिन्यात पोटातून सुई घेतली होती का तुम्ही?"

"नाई."

तिने बाळाचं दुपटं पुन्हा गुंडाळलं, जे आधीच नीट होतं. विशाखाताईंच्या मनात आलं, रागावून चालणार नाही. त्या नुसत्या म्हणाल्या, "तुळसाबाई, मी तुम्हाला खोटं पाडायला फोन केला नाही. तुमच्या मुलीला एक औषध द्यायचंय. तुम्ही त्या असाल तर ते दिलंच पाहिजे, नसाल तर देता कामा नये. वेळ थोडा आहे. कोणालाही कळणार नाही."

तुळसाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"मॅडम, मंग माह्यं रगत पुन्यांदा तपासान का?"

"का हो?"

"इथं म्हनले, तुले काहीच नाई. मी गप बसली. म्हटलं, इचारलं त पुन्यांदा तपासतीन, अन् पुन्यांदा हाय म्हनतीन. माह्या मायलेबी होतं हे, तिच्यापासून मले आलं. आयुष्यात पयल्यांदा कोनी म्हनलं, तुले काही नाई. मले ते सोडवेना." तिने पदराने डोळे पुसले. "मीच जी यामिनी. सुई घेतली होती. द्या औषध माह्या पोरीले."

अन्सारी मात्रा आणायला पळाला होता. इतका वेळ शांत असलेलं बाळ रडलं ते सुई टोचल्यावर, आणि ते रडणं नागपूरपर्यंत ऐकू आलं. विशाखाताईंना इतकं मोकळं वाटलं, की त्या खुर्चीत मागे टेकून मोठ्याने हसल्या. नकाशावरचा ठिपका हिरवा झाला. केंद्रातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी चहा सांगितला.

मुळ्ये मात्र टाळ्या वाजवत नव्हते.

"नलिका बदलली असेल," ते म्हणाले. "दुसरीचं रक्त गेलं असेल."

"दोनदा?"

"मग गोळीने दबला असेल विषाणू."

विशाखाताईंनी फोनवर तुळसाला विचारलं. गोळ्या तिने माहेरी आल्यापासून घेतल्याच नव्हत्या. आईला दिसल्या तर रडत बसेल म्हणून आदिलाबादच्या घरीच ठेवून आली होती.

मुळ्ये उठले आणि खिडकीपर्यंत जाऊन परत आले. "दोन महिने गोळी नाही. म्हणजे विषाणू उसळून वर यायला हवा होता. तो नाहीच. नलिनी..." ते गडबडीत आपल्या बायकोचं नाव घेऊन बसले. "विशाखाबाई, तिचं रक्त मागवा. यकृतातलं नाही, साधं रक्त. त्यात मला तिच्या नसलेल्या पेशी शोधायच्यात."

"तिच्या नसलेल्या?"

"वार माहीत आहे ना, आई आणि बाळाच्या मधली? आपण तिला भिंत समजतो. ती भिंत नाही, चाळण आहे. आईच्या पेशी बाळात जातात, हे आपल्या चटकन ध्यानात येतं, कारण आजार त्या दिशेने जातो. पण बाळाच्याही पेशी आईत येतात. थोड्या, पण येतात, आणि वर्षानुवर्षं राहतात. बाळ निम्मं तिचंच असतं, म्हणून तिचं शरीर त्यांना हुसकून लावत नाही."

"आणि या बाळाच्या पेशींना आपण धडा शिकवला होता," विशाखाताई हळूच म्हणाल्या.

"चार महिने, विशाखाबाई! चार महिने त्या पोरीच्या रक्षक पेशी आईच्या यकृतात फिरत होत्या. विषाणू हुडकायचा आणि मारायचा, एवढंच त्यांना येतं. यकृत कोणाचं हे आपण त्यांना शिकवलंच नव्हतं."

रक्त ड्रोनने आलं. दोन दिवसांनी मुळ्यांना त्यात हवं ते मिळालं. तुळसाच्या रक्तात तिच्या मुलीच्या रक्षक पेशी होत्या, आणि विषाणूचा मागमूस नव्हता, दडलेलासुद्धा. मुळ्ये लहान पोरासारखे खूश झाले. तुळसाला फोनवर त्यांनीच सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे मी हिले काही देलं नाई, अन् हिनंच मले देलं?"

"असंच झालं बघा," मुळ्ये म्हणाले आणि नाक शिंकरायला बाजूला गेले.

फोन संपला. विशाखाताई नकाशासमोर उभ्या होत्या. सगळा हिरवा.

"सर, कवच द्यायला लागून तीन वर्षं झाली. हजारो आया आहेत. त्यांतल्या किती जणी बऱ्या झाल्या असतील?"

"बऱ्याच. बहुतेक सगळ्या, असं मला वाटायला लागलंय."

"मग एकाही अहवालात हे कसं नाही?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं. बी कावीळ आजन्म. एकदा कागदावर आली की आईला पुन्हा तपासायचं कारण नव्हतं. ती कुठेही गेली तरी सांधा तिच्या आधी तिथे पोचायचा आणि सांगायचा, हिला आहे. बाळाला तपासत होते जन्मल्यावर, महिन्याने, वर्षाने. आईला गोळ्या देऊन घरी पाठवत होते. तुळसा तेवढी निसटली, कारण सासरच्या नावाची ही बाई माहेरच्या नावाने गेली आणि तिथे कोणीतरी तिला कोरी बाई म्हणून तपासलं.

"नियम कोणी लिहिला होता हा?" विशाखाताईंनी विचारलं.

"मी सुचवला. तुम्ही सही केलीत."

"छान. आता फोनही आपणच करू."

पहिला फोन त्यांनी कवच घेतलेल्या पहिल्या बाईला केला. इंदुमती पेंदोर, केळापूरची. ती घाबरली.

"पोराले काही झालं का जी?"

"नाही, नाही. मुलगा उत्तम आहे. रक्त तपासायचंय."

"कितीदा तपासता त्याचं?"

"त्याचं नाही. तुमचं."

"माह्यं?" इंदुमतीला खरोखरच समजेना. "माह्यं कायले?"

ती दुसऱ्या दिवशी केळापूरच्या दवाखान्यात जाऊन रक्त देऊन आली. निकाल सांगायला विशाखाताईंनी पुन्हा फोन केला, तेव्हा ती जेवायला बसली होती आणि मागे एक पोरगं हट्टाला पेटलं होतं. त्याला आईच्या ताटातलंच हवं होतं. ताटातून हा आजार पसरत नाही, हे तिला प्रत्येक भेटीत सांगितलं होतं, आणि प्रत्येक वेळी तिने मान डोलावून घरी ताट वेगळंच ठेवलं होतं.

"इंदुमतीबाई, तुमच्या अंगात आजार नाही. गेला. बहुतेक मुलगा पोटात होता तेव्हाच गेला."

पलीकडे नुसतं पोराचं रडणं ऐकू येत होतं. मग फोन खाली ठेवल्याचा आवाज आला, बंद न करताच.

"ये," इंदुमती म्हणाली. "ये रे, बस इथं. घे माह्या ताटातलं."