भत्त्याचा रकाना

ऑफिसच्या पायरीवर धडक झाली आणि माझा अर्ज त्याच्या चहात बुडाला.

"काय होतं यात?" त्याने ओला कागद उचलला.

"माझं पोट."

तो कंत्राटांचा कारकून. मी वेल्डर, आठ महिन्यांच्या पाइपलाइनवर बाहेरगावाहून आलेली. राहण्या-खाण्याचा भत्ता रोज चारशे; पुरुषांना पाचशे. बायका कमी खातात, असं साहेबांचं मत. मी सहाशे मागितले होते.

"सहाशे जास्त होतात, मॅडम."

"मॅडम नको. आधी खोली बघा, मग बोला."

आणि तो खरंच आला! एकुलत्या खुर्चीवर माझं हेल्मेट, म्हणून उभाच राहिला. भिंतीची ओल बोटाने चाचपली... भाडं विचारून वहीत लिहिलं.

"जेवता कुठे?"

"जिथे उधार मिळतं तिथे."

तो हसला नाही. तिथेच मी फसले.

पाचशे साठ मंजूर झाले. त्यासाठी तो साहेबांशी भांडला, हे मला शिपायाकाकांनी सांगितलं. त्याने कधीच नाही.

मग रोज सुट्टीनंतर तीच पायरी, दोन चहा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

"काम संपल्यावर इथेच राहा ना... माझ्याकडे," सातव्या महिन्यात तो म्हणाला.

"म्हणजे मी गावातली झाले. गावातल्यांना भत्ता नाही. नियम तूच दाखवलास."

"हो, पण—"

"त्यातून वाचवून धाकट्या बहिणीची फी भरते मी. अजून दोन वर्षं. प्रेम फी भरत नाही रे."

बाईला 'थांब' म्हणायला पुरुषाचं काय जातं? 'मी तुझ्याबरोबर निघतो' म्हणताना जीभ जड होते. हे मी त्याला तोंडावर सुनावलं. तो उठून गेला. पुढचे तीन आठवडे पायरीवर मी एकटीच.

शेवटच्या दिवशी तो फाटकाशी उभा. हातात अर्ज, माझ्याच पुढच्या साइटवरच्या कारकुनाच्या जागेचा. नाव त्याचं. जन्मात गावाबाहेर न राहिलेला माणूस!

"आईला सांगितलंस?"

"दोन दिवस बोलली नाही. आज डबा दिला..." त्याने पिशवी उचलून दाखवली. "दोघांचा."

मी अर्जाकडे बघत राहिले.

"भत्त्याचा रकाना रिकामा का?"

"मागता येत नाही गं. आजवर दुसऱ्यांचेच कापत आलो."

त्याच्या खिशातलं पेन काढून मी लिहिलं— सहाशे.

"जास्त होतात," तो पुटपुटला.

"आधी खोली बघू," मी म्हणाले. "मग बोलू."