भरल्या सभेतला घास

“हा बघा, खाल्ला!” असं म्हणत मोठ्या आईनं माशाचा घास तोंडात टाकला आणि वस्तीच्या बैठकीच्या खोलीत एकच हशा पिकला. तो हशा आपल्या पोटच्या पोरीवर आहे, हे तिला त्या क्षणीच कळलं होतं... कळूनही तिनं दुसरा घास घेतला!

लेक भिंतीशी उभी होती. दवाखान्यात नर्स असलेली, वस्तीतली पहिली शिकलेली मुलगी. डोंगरावरच्या सोन्याच्या खाणीचा बांध फुटून सगळा गाळ नदीत उतरला, त्याला वर्ष उलटून गेलं होतं. पाणी आता छान निवळलं होतं, आणि ही मात्र सांगत होती की सोनं काढायला खाणीत वापरलेला पारा माशांत उतरलाय; खाऊ नका, बोटं बधिर होतात, हात कापू लागतात, पोटुशीनं तर मुळीच नको.

“अगं, वास घेऊन सांगते ना मी!” मोठी आई म्हणाली. कुणीही मासा आणला की आधी तिच्या नाकाखाली धरायचा, अशी वस्तीची सवयच होती. तिनं नाक मुरडलं की तो मासा मांजरालाही घालत नसत.

“आई, पाऱ्याला वास नसतो गं...” लेक कळवळून म्हणाली.

“मग तुला कसा आला?” भोंगा ओरडला. हा शेजारचा म्हातारा नावाडी. त्याचा आवाज पलीकडच्या काठावर ऐकू जायचा, म्हणून भोंगा. पुन्हा हशा झाला. लेकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती तशीच बाहेर पडली आणि दवाखान्यामागच्या खोलीत राहायला गेली.

मोठी आई हट्टापायी बोलली होती असं नाही. तिची माणसं या काठावर खाणीच्या कितीतरी आधीपासूनची. मासे सोडले की नदी सुटणार, नदी सुटली की खाणवाले विचारणार, आता इथं राहता कशाला? बाजारात तर गिऱ्हाइकं आत्ताच त्यांच्या टोपल्यांना वळसा घालून जात होती. जणू गाळ त्यांनीच केला होता! बाहेरच्यांचं ते बोलणं घरच्याच पोरीच्या तोंडून यावं, हे तिला सोसवलं नाही.

मग तिच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. पुढं बोटं बधिर झाली, पुढं थरथरू लागली. वय झालं, दुसरं काय, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. जाळं विणायचं सुनेकडं सोपवलं, आणि चारचौघांत बसताना हात शालीखाली. पण लेकीनं त्या दिवशी सांगितलेलं एकेक लक्षण आपल्या देहावर उमटतंय, हे का तिला कळत नव्हतं? कळत होतं! आणि ज्या तोंडानं सभेत घास खाल्ला त्याच तोंडानं हे कबूल करायचं, या कल्पनेनंच तिचा जीव शरमेनं अर्धा होत होता.

एके दुपारी सून जेवायला बसली. तिला सहावा महिना होता. ताटात माशाचा भलामोठा तुकडा होता. “ठेव ते!” म्हणून मोठ्या आईनं ताट ओढायला हात घातला, बोटांनी दगा दिला, आणि सगळं अन्न जमिनीवर सांडलं.

सुनेचा चेहरा पडला. “आई... माझं खाणं तुमच्या डोळ्यांत खुपतं का हो?”

“नाही गं राणी... बाळाला बाधेल ते.”

“असं कसं? सगळ्यांसमोर तुम्हीच तर खाऊन दाखवलंत! ताईंनी मला बाजूला घेऊन परोपरीनं सांगितलं होतं. मी म्हटलं, आमच्या आई खातात, मग मला कसली भीती? तेव्हापासून रोज खातेय मी.”

रोज! पिढ्यान् पिढ्यांची जागा राखायला निघालेली मोठी आई, आणि जो निष्पाप जीव त्या जागेवर नांदायचा, त्याच्याच मुखात ती विष घालत होती... ताट सांडताच पुन्हा शालीखाली लपवलेले हात तिनं बाहेर काढले आणि सुनेपुढं धरले. ते लटलट कापत होते.

“अगंबाई! कधीपासून? बोलला का नाहीत?”

“लाज वाटली गं...”

सून रडत रडत उठली. “ताईंना बोलावते.”

“बोलाव. आणि सगळ्यांनाच बोलाव,” मोठी आई म्हणाली. “घरात सांगून भागायचं नाही. घास मी सभेत खाल्ला होता.”

बैठकीची खोली भरली. लेक दाराशीच थांबली. मोठ्या आईनं चहाची किटली उचलली. “आज मी ओतणार.” किटलीची चोच कपाला सापडेना. चहा टेबलावर सांडला, तिथून भोंग्याच्या मांडीवर ओघळला. लोकांनी भलेपणानं माना फिरवल्या; कुणी खिडकीबाहेर पाहू लागलं, कुणी स्वतःच्या चपलांकडं.

“माना वळवू नका! बघा!” तिचा आवाज फाटला. “माझं नाक चुकलं. पोर खरं सांगत होती, आणि मी तिचं तुमच्यासमोर हसं केलं... नदी आपलीच आहे, ती सोडायची नाही. पण खाणवाल्यांशी भांडायला हात तरी धड हवेत ना रे!”

तिला मान वर करवेना. तेवढ्यात कुणीतरी तिच्या हातातून किटली अलगद काढून घेतली. ती लेक होती.

“मला खरं ठरायचं नव्हतं गं आई...” ती हुंदके देत म्हणाली. “आणि मी तरी काय केलं? रागानं निघून गेले, नि तुझे हात एकदाही पाहिले नाहीत. नर्स म्हणवते स्वतःला!”

मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. भोंगा ओली विजार तशीच ठेवून बसला होता. थट्टा नाही, आरडाओरडा नाही. मग तो बोलला, तेही इतकं हळू की पुढच्या बाकालाच ऐकू गेलं.

“पोरी... माझेही जरा बघतेस?”

त्यानं टेबलाखालून हात वर घेतले. ते थरथरत होते. मग मागच्या बाकांवरूनही, खिशातून, काखेतून, शालींखालून, एकेक हात बाहेर येऊ लागला.