रिकामी आहे

हस, श्रीरंग, खुशाल हस. गॅसचं बटण मी नुसतं डोळ्यांनी बघत नाही. हात लावून बघतो, दोनदा बघतो, आणि मगच 'बंद आहे' म्हणतो. तुझ्या काकूनं जन्मभर माझी चेष्टा केली, आता तू कर. पण ही सवय मला म्हातारपणानं लागलेली नाही. ती कृष्णातमुळे लागली.

कुमुद, तो मोबाइल आधी उलटा ठेव. लाइट यायची तेव्हा येईल. लक्ष्मीबाई नगरात लाइट गेली म्हणून आजवर कुणी मेलेलं नाही. ऐकायचं असेल तर दोघं नीट बसा, आणि मध्येमध्ये 'काका, लॉजिकली' असलं काही बोलू नका. मी जे घडलं ते सांगतोय. त्याचं लॉजिक मलाही लागलेलं नाही.

कृष्णात आपल्या मराठी मंडळातला, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाला. मूळचा राधानगरीकडचा. इथे दिल्लीत, पालमला पहिल्या मजल्यावर त्याच्या दोन खोल्या होत्या. बायको सुमित्रा, सहा वर्षांची अहिल्या, आई तानूबाई आणि वडील खंडेराव. वडीलही फौजेतलेच, सुभेदार. त्यांच्याकडे शिकारीची रायफल होती, तीनशे पंधरा बोअरची, बोल्ट, म्हणजे मागची सरकती दांडी, ओढून भरायची. शिकारीवर बंदी यायच्या आधी गावाकडे डुकरं मारायला घेतलेली. बंदी आली, शिकार सुटली, गाव सुटलं, पण म्हाताऱ्यानं रायफल काही सोडली नाही. लायसन्स रिन्यू करत करत दिल्लीपर्यंत आणली.

आणि त्यांचा एक नेम होता. रोज रात्री सगळे झोपायला लागले की रायफल काढायची. बोल्ट मागे ओढायचा, खट. करंगळी आत घालून काडतुसाची जागा चाचपायची. बोल्ट पुढे ढकलायचा, खटाक. आणि मोठ्यानं म्हणायचं, "रिकामी आहे." त्यानंतरच घर झोपायचं. कृष्णातला कळायला लागल्यापासून एक रात्र चुकली नव्हती. तो म्हणायचा, "काका, माझी अंगाई ती."

२०१६च्या ऑगस्टमध्ये खंडेराव, म्हणजे कृष्णातचे आबा, गेले. रायफल आली कृष्णातकडे. आता कायदा असा की लायसन्सवाला गेला की हत्यार जमा करायचं, आणि वारसानं आपल्या नावावर लायसन्स काढायचं. मी सरकारी नोकरीत, फॉर्म भरण्यात जन्म गेलेला, म्हणून एका शनिवारी त्यानं मला जुन्या दिल्लीतल्या बंदुकीच्या दुकानात सोबत नेलं. दुकानदारानं फोटो बघितला आणि म्हणाला, "हवलदार साहब, रायफल का क्या करोगे? ये हमें दे दो, बदले में दुनाली ले जाओ. बँक में गनमॅन लग जाओगे."

खरंच होतं ते. कृष्णात तेव्हा गुरुग्रामला एका सोसायटीच्या गेटवर बारा बारा तास उभा राहायचा. पोर झोपेत असताना निघायचा, झोपल्यावर यायचा. घराजवळच्या बँकेत गनमॅनची जागा होती, पण त्यांना स्वतःची दुनळी बंदूक असलेला माणूस हवा होता. रायफल चालत नव्हती.

परतताना आम्ही कोपर्निकस मार्गावर, महाराष्ट्र सदनाच्या कँटीनमध्ये बसलो. बशीतले पोहे तसेच. म्हणाला, "काका, ठेवली तर कपाटात गंजेल. दिली तर आबांना दिल्यासारखं वाटतं. काय करू?"

मी म्हटलं, "काय करायचं ते नंतर ठरव. आधी जमा कर."

"खंडेनवमी झाली की करतो. आबांच्या माघारी पहिलीच. हत्याराची पूजा न करता घराबाहेर कसं काढू?"

मी चिडलो. अरे, नियम म्हणजे नियम. पण तुम्हाला सांगतो, आपली माणसं कायद्याला घाबरत नाहीत तितकी चुकलेल्या पूजेला घाबरतात. रायफल राहिली घरात.

दहा ऑक्टोबर २०१६. सोमवार. खंडेनवमी. संध्याकाळी पाटावर रायफल मांडली. पाट म्हणजे काय म्हणून विचारू नकोस कुमुद, लाकडी, बुटका, जेवायला बसायचा. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं वाहिली. घरात लहान पोर, म्हणून कृष्णातनं बोल्ट काढून ट्रंकेत ठेवला, कुलूप लावलं, किल्ली कमरेच्या करदोट्याला बांधली. फौजी माणूस. रायफल रात्रभर पाटावरच, कारण मांडलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवत नाहीत.

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी त्याला जाग आली.

खट.

त्याला आधी बरं वाटलं. झोपेत होता ना. आबा बघतायत, असं वाटलं. कूस बदलली. आता खटाक होणार...

खटाक.

आता 'रिकामी आहे' म्हणणार. तो वाट बघत राहिला. शब्द येईनात.

मग त्याला आठवलं. आबा नाहीत. आणि बोल्ट ट्रंकेत आहे.

पुन्हा. खट... खटाक... आणि मग काहीच नाही.

तो उठला. कंबर चाचपली. किल्ली होती. बाहेरच्या खोलीत समईच्या उजेडात पाटापाशी अहिल्या बसली होती. तिची करंगळी रायफलीच्या आत होती.

तो ओरडला नाही. हळू आवाजात म्हणाला, "अहिल्या, काय करतेस बाळा?"

"आबांनी सांगितलं बघायला," ती म्हणाली. "ते म्हणाले, माझ्या बोटाला आता काही लागतच नाही गं. तू बघ. खरंच रिकामी आहे का, ते बघ."

"मग?"

"रिकामी आहे. मी त्यांना सांगितलं. पण ते... रडायलाच लागले."

कृष्णातनं पोरीला उचलून छातीशी धरलं. मागं वळला तर दारात आई उभी. तानूबाई. तिनं सगळं ऐकलं होतं. ती खालीच बसली, आणि शेहेचाळीस वर्षं न बोललेली गोष्ट बोलली.

कृष्णातच्या आधी तिला एक मुलगा होता. बळवंत, सात वर्षांचा. १९७० सालचा थंडीचा महिना, खंडेराव सुट्टीवर गावी आलेले. रात्रभर डुकरांच्या मागं जागून पहाटे घरी आले आणि रायफल दाराच्या चौकटीला टेकवली. तिनं विचारलं, "अहो, भरलेली न्हाई न्हवं?" त्यांचे डोळे मिटत होते. न बघताच म्हणाले, "रिकामी आहे." आणि झोपले. बळवंत लवकर उठायचा. त्याला बापासारखं व्हायचं होतं...

तानूबाई म्हणाली, "त्याला तिथंच आंब्याखाली लाल मातीत ठेवला. तवापासनं त्येंनी एक रात्र सोडली न्हाई. इकायला निघालास तरी ते म्हणणार, दुसऱ्याच्या घरात रोज कोण बघंल? म्हणून तर कुणाला दिली न्हाई त्येंनी. तू काय ते ठरव बाबा. पण मी सांगते, त्यो माणूस मरूनबी सुटला न्हाई."

तुमची काकू असती तर म्हणाली असती, आता पाणी पी. देतेस कुमुद?

दसरा झाला आणि कृष्णातनं रायफल दुकानात जमा केली. घर गप्प झालं. खट नाही, खटाक नाही. पाच महिने गेले. लायसन्स नावावर झालं आणि त्यानं ठरवलं, बदलायची. मला म्हणाला, "काका, ज्या हत्यारानं माझा भाऊ गेला ते घरात ठेवून त्यालाच हळदकुंकू वाहायचं? जाऊ दे. दुकानदाराला सांगितलंय, कुणाच्या घरी विकू नको, मोडीत घाल. आबाही सुटतील." रायफल देताना त्यानं तिच्या दस्त्यावर डोकं टेकवलं आणि हमसून रडला. दुकानदारानं तेवढा वेळ तोंड फिरवलं. भला माणूस.

सतरा मार्च २०१७, शुक्रवार. दुनळी घरी आली. कपाटात कुलूपबंद. रात्री दोन दहाला...

खट... खटाक...

लक्षात येतंय का? दुनळीला बोल्ट नसतो. ती बिजागरीवर मोडते, म्हणजे मध्ये वाकवून उघडायची. तो आवाज त्या बंदुकीतून येऊच शकत नाही.

सुमित्रानंही ऐकलं. नवऱ्याचा हात घट्ट धरला. म्हणाली, "अहो, ते रायफलीसाठी येत नव्हते. पोरीसाठी येतायत."

कृष्णात उठला. कपाट उघडलं, दुनळी मोडली, दोन्ही नळ्यांत बोट घालून बघितलं. आणि अंधाराला मोठ्यानं म्हणाला, "आबा, रिकामी आहे. मी बघितलं." मग खोलीत कुणीतरी मोठा श्वास सोडला. बस. पुन्हा आवाज नाही.

तेव्हापासून हा नेम त्याचा झाला. रोज रात्री बोट घालायचं, बोलायचं, झोपायचं. बँकेत नोकरी लागली, संध्याकाळी सातला घरी. अहिल्या म्हणे शाळेत सांगायची, माझे बाबा आता उजेडात घरी येतात. मला वाटलं, चलो, झालं एकदाचं सगळं नीट.

आठ जून, गुरुवार. बेचाळीस डिग्री ऊन. बँकेत एटीएमची रोकड यायला उशीर झाला, ड्युटी लांबली, घरी यायला रात्रीचे साडेबारा वाजले. पायातले बूट काढायचं त्राण नव्हतं त्याच्यात. दुनळी दाराच्या चौकटीला टेकवली. सुमित्रानं झोपेतच विचारलं, "बघितलीत ना?"

आणि हा न बघताच म्हणाला... "रिकामी आहे."

श्रीरंग, आता हसत नाहीस ते.

सकाळी सहाला त्याला जाग आली ती अहिल्याच्या आवाजानं. ती दाराशी बसून बाहुलीशी बोलत होती. शाळेला सुट्टी लागलेली. दाराशी. एका क्षणात त्याला सगळं आठवलं. ड्युटीवर बंदूक भरलेली असते. दोन्ही नळ्या. काढायचं राहिलं होतं. तो धावला.

दुनळी चौकटीला टेकलेली नव्हती. जमिनीवर होती, मोडून ठेवलेली. नळ्या रिकाम्या.

आणि पलीकडे पाटावर दोन लाल काडतुसं उभी होती, शेजारी शेजारी.

"तू काढलीस?" त्यानं पोरीला विचारलं. ती म्हणाली, "मी नाही बाबा. मी उठले तेव्हा अशीच होती." सुमित्रानं नाही. तानूबाईच्या हातांत तर ती मोडायचं बळच नव्हतं. अहिल्यालाही ती मोडता आली नसती, मी स्वतः हातात घेऊन बघितलीय, बिजागरी चांगलीच घट्ट होती.

कृष्णातनं त्याच दिवशी दुनळी परत केली. नोकरी सोडली. पुन्हा गुरुग्रामचं गेट, पुन्हा बारा तास. पोर पुन्हा झोपेतच दिसायला लागली. मी म्हटलं, अरे, एकदा चूक झाली, माणूस आहेस. तो म्हणाला, "आबांची पण एकदाच झाली होती, काका."

त्यानंतर त्या घरात आवाज आला नाही. आबा आले की नाही, सुटले की नाही, ते मला माहीत नाही. आबांच्या बोटाला तर काही लागत नव्हतं. मग काडतुसं काढली कुणी?

त्यातलं एक काडतूस तानूबाईनं परत करू दिलं नाही. कृष्णात म्हणाला, आई, बेकायदेशीर आहे. तिनं ऐकलं नाही. ट्रंकेत कापसात गुंडाळून ठेवलं होतं, मला दाखवायला तिनं ते उघडलं. मी ते हातात घेतलं नाही. नुसतं बघितलं.

त्याच्यावर बोटांचे ठसे होते. चार. सुकलेल्या लाल मातीचे. पालमला लाल माती नाही, दिल्लीत ती कुठून येणार... अहिल्याचा हात तिनं शेजारी धरून दाखवला.

ठसे अहिल्याच्या बोटांपेक्षा थोडेसेच मोठे होते.