तलवारीचे पत्ते आणि जयूचं पान

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, मला आता कुणाशी वाद घालायचं बळ नाही. जे घडलं ते असंच घडलं.

साल १९९८. आमचं इब्रामपूर, पेडणे तालुका. पितृपक्षातला आमच्या घरच्या म्हाळाचा दिवस. आणि रात्रबित्र काही नाही... भर दुपारचा एक वाजलेला.

अंगणात दोन पानं वाढली होती. एक बाबांचं, एक माझ्या थोरल्या भावाचं, जयवंतदादाचं. तो चौदाव्या वर्षी नदीत बुडाला, त्याला दहा वर्षं झाली होती.

बाबांच्या पानाला कावळा लगेच शिवला.

दादाच्या पानाला... नाही.

दर वर्षी हेच. कावळा शिवेपर्यंत आई तोंडात पाणी घ्यायची नाही. संध्याकाळी थकून पान गाईला घालायची. पण त्या वर्षी तिला मधुमेहाच्या गोळ्या चालू होत्या. उपाशी ठेवाल तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरने मला बजावलं होतं. सोप्यावर भिंतीला टेकून बसलेली ती, हात थरथरतायत, ओठ पांढरे पडलेत, तरी जेवायला तयार नाही.

काय काय कबूल केलं मी त्या कावळ्यासमोर! देवळाला समई, नदीला नारळ, शाळेला वह्या. तो आपला माडावर बसून नुसता बघतोय. माझं डोकंच फिरलं.

बायको सुप्रिया म्हणाली, भावोजींची आवडती वस्तू ठेवून बघा. चरफडत माळ्यावर चढलो. अडगळीत एक गंजका डबा सापडला.

उघडला, तर आत तलवारीचे पत्ते.

गोवा राज्य झालं त्या वर्षी च्युइंगगमच्या पाकिटातून हे निघायचे. प्रत्येकावर एक तलवारबाज आणि त्याच्या वाराचा आकडा. दोघांनी एकेक पत्ता उलटायचा, मोठा आकडा ज्याचा त्याला दोन्ही पत्ते. वेडे होतो आम्ही त्यापायी. दादा अंगठा जिभेवर ओला करायचा आणि पत्ता उलटून टप्पकन आपटायचा. पत्ते खराब होतात म्हणून मी किती भांडायचो.

डबा पानाशी ठेवला. कावळा हलला नाही.

"खेळायचंय ना? ये मग," मी रागाच्या भरात म्हणालो.

पत्ते पालथे वाटले. अर्धे माझे, अर्धे त्याचे. माझा वरचा उलटला. बारा.

तेवढ्यात आई कलंडतेय असं वाटलं, म्हणून तिला सावरायला धावलो.

मागे आवाज आला... टप्प.

वळून पाहिलं. दादाच्या वाटणीचा पत्ता उलटलेला. आठ.

वारा नव्हता. सुप्रिया आत चुलीपाशी. मांजर नाही, कुत्रं नाही... कावळेसुद्धा गप्प झालेले.

आणि पत्त्याच्या कोपऱ्यावर... ओल्या अंगठ्याचा ठसा.

भीती वाटत होती, पण रागही तेवढाच होता. मी खेळत गेलो. माझा पत्ता उलटायचा, डोळे मिटायचे...

टप्प.

प्रत्येक वेळी मीच जिंकलो. त्याचे सगळे पत्ते माझ्याकडे आले, तरी कावळा तिथेच. आता आणखी काय हवंय याला?

तेव्हा आई हळूच बोलली. "जयू हरलो की जेवी नाय रे. 'मी हरलंय' म्हण."

मी हातातले पत्ते खाली ठेवले.

तो बुडाला त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही खेळलो होतो. सगळ्यांत मोठा पत्ता मी मांडीखाली दडवला आणि ऐनवेळी काढला. तो हरला. न जेवता झोपला, सकाळी उपाशीच नदीवर गेला. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"दादा, मी लबाडी केली होती. जिंकलास तू. मी हरलो."

कावळा उतरला... आणि त्याने भाताचा घास उचलला.

आई रडली आणि मग पोटभर जेवली. मी माझ्या पानावर बसलो. पहिला घास तोंडात घातला...

गळ्याखाली उतरेना. पाण्याचा घोटही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं नीट.

तेव्हापासून दर म्हाळाला असंच. डॉक्टर झाले, देवाला गाऱ्हाणी घालून झाली. कावळा झटकन शिवतो, आई जेवते, हरलेला मी उपाशी. किती वर्षं चालणार हे, कुणाला विचारू?

गेल्या वर्षी वैतागून पुन्हा पत्ते वाटले. म्हटलं, दादा, एक डाव, यंदा लबाडी नाही.

दिवेलागणीपर्यंत बसलो होतो. त्याने एकही पत्ता उलटला नाही.