मोरकड्याचे दोन दगड

ही गोष्ट कुणाला खोटी वाटली तर वाटू द्या. मी शपथा घेऊन पटवायला बसलेलो नाही. दाजीकाकांनी ती मला स्वतःच्या तोंडाने सांगितली, आणि ज्या माणसाने आयुष्यभर कापडात बोटभर घोळ केला नाही, तो बोलण्यात कशाला करेल?

साल १९५६. मार्गशीर्ष महिना. गाव पनवेल.

रात्र नव्हती. स्मशान नव्हतं. सकाळचे साडेसहा वाजले होते, आणि एक माणूस तब्येत सुधारावी म्हणून टेकडी चढत होता.

एवढंच.

काकांचं बाजारपेठेत शिंप्याचं दुकान. दिवसभर मशीनवर बसून बसून बेचाळिसाव्या वर्षी पोट सुटलं आणि छातीत धडधड सुरू झाली. डॉक्टरांनी नाडी पाहिली, पण औषधाची चिठ्ठी काही लिहिली नाही. म्हणाले, "रोज चढ चढा, दाजी. सपाटीवर धावा. नाहीतर पुढच्या दिवाळीचे कपडे गिऱ्हाइकांना दुसऱ्याकडून शिवून घ्यावे लागतील."

काका घाबरले. त्यांनी स्वतःच खाकी अर्धी विजार शिवली, कॅनव्हासचे बूट घेतले आणि पळायला लागले. त्या काळी चांगला बाप्या माणूस विनाकारण धावताना दिसला की लोक थांबून बघायचे. "काय मास्तर, पोलीस भरती आहे की काय?" "कुत्रं मागे लागलंय का?" काका हसून सोडून द्यायचे.

हसल्या नाहीत त्या फक्त दमयंतीकाकू.

काकूंचा स्वभावच संशयी. दारात आलेल्या मेथीच्या जुडीवरही त्यांचा विश्वास नसायचा, सोडून आत काय आहे ते बघायच्या. आता नवरा उजाडायच्या आत अर्ध्या विजारीत गावाबाहेर जातो आणि घामाघूम होऊन, वर खुशीत परत येतो म्हटल्यावर...

"कुठे गेला होतात?"

"टेकडीवर."

"कोण होतं बरोबर?"

"कोण असणार?"

"तेच विचारतेय."

लग्नाला अठरा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. काका म्हणायचे, तिला माझ्यावाचून कुणी नव्हतं, म्हणून ती विचारायची. वरवर ते वैतागायचे, पण मनातून त्यांना ते आवडायचं. कुणीतरी आपली वाट बघतंय आणि आपल्यावर नजर ठेवून आहे, याचं त्यांना सुख होतं.

गाढी नदी ओलांडून सुकापूरच्या अंगाने गेलं की मोरकड्याची टेकडी लागायची. पायथ्याला ठाकरांची वाडी. वाडीतल्या बाया रोज वर लाकडं तोडायला जायच्या आणि मोळ्या बाजारात आणून विकायच्या. टेकडी दिसायला साधी, पण वरच्या अंगाला खोल घळी होत्या. म्हणून वाडीने एक रीत ठेवली होती.

पायथ्याच्या करंजाखाली एक सपाट कातळ होता. वर जाणाऱ्याने त्यावर एक दगड ठेवायचा. खाली आल्यावर आपला दगड उचलून ओहोळात टाकायचा. दिवस मावळताना कातळावर दगड उरला, तर माणूस वर राहिलं असं समजायचं आणि चुडी पेटवून शोधायला निघायचं.

काकांनीही ही रीत पाळली. फक्त एकदा, अगदी सुरुवातीला, ते दगड उचलायला विसरले. वाडीतली आठ माणसं रात्रभर त्यांना हाका मारत डोंगरात फिरली. दुसऱ्या दिवशी वाडीतला म्हातारा जैतू एवढंच म्हणाला, "मास्तर, तुमी घरी झोपला, आमी काट्यांत फिरलो. असं नाय करायचं."

काका शरमेने मेल्यासारखे झाले. त्यांनी मनाशी ठरवलं, पुन्हा हे होऊ द्यायचं नाही.

त्या ठरवण्यानेच घात केला.

तो मार्गशीर्षातला गुरुवार होता. काकूंचा उपास, संध्याकाळी पूजा, त्याआधी दुकानात लग्नाच्या कपड्यांची घाई. काका भराभर टेकडी उतरले. दाट धुकं होतं. कातळाजवळ आले आणि थबकले.

कातळावर दोन दगड होते.

दोन्ही काळे. दोन्ही मुठीएवढे. शेजारी शेजारी...

सकाळी दगड ठेवताना दुसरा तिथे होता का? धुक्यात त्यांनी नीट पाहिलंच नव्हतं. मग त्यांच्या मनात आलं, कालचा आपलाच राहिला असेल. काल वाडी सगळी लग्नाला गेलेली, कातळाकडे कुणी पाहिलं नसेल. आज पाहिलं की पुन्हा जैतूसमोर मान खाली घालावी लागणार.

काकांनी दोन्ही दगड उचलले. ओहोळात टाकले. आणि घरी पळाले.

त्यातला एक दगड साळूचा होता.

साळू वाडीतली, पंचविशीची. नवरा वीटभट्टीवर. त्या दिवशी उजाडायच्या आधीच ती एकटी मोळीला वर गेली होती. संध्याकाळी कातळ रिकामा होता, तेव्हा वाडीला वाटलं, ती खाली आली, मोळी घेऊन बाजारात गेली आणि तिथून तळोज्याला भावाकडे. कुणी शोधलं नाही. शोधायचं कारणच नव्हतं.

चौथ्या दिवशी वरच्या घळीवर घारी फिरताना दिसल्या.

तिचा पाय मोडला होता. जैतू म्हणाला, दोन दिवस तरी जीव होता. कारण ती सरपटत घळीच्या तोंडापर्यंत आली होती.

जैतूने वाडीतल्या एकेकाला विचारलं, दगड कुणी उचलला? कुणीच नाही. मग तो काकांसमोर येऊन उभा राहिला.

"मास्तर, तुमी उचलला का?"

"नाही रे बाबा."

जैतूने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं.

काका टेकडी उतरत होते. मागून आवाज आला.

थप... थप... थप...

अनवाणी पावलांचा.

काका थांबले. आवाजही थांबला... पण एक पाऊल उशिरा.

मागे कुणी नव्हतं.

काकांना पहिला संशय जैतूचा आला. त्याला कळलंय, तो माणूस लावून पाळत ठेवतोय. तिसऱ्या दिवशी ते वळणावर अंजनीच्या झुडपाआड दबा धरून बसले. जो असेल त्याला आज पकडायचाच.

थप... थप...

पावलं वळणावर आली. झुडपापाशी आली. अगदी समोर येऊन थांबली.

वाट मोकळी होती. फक्त नुकत्याच तोडलेल्या ओल्या लाकडाचा वास येत होता.

काका तिथून सुटले ते थेट घरी. पण धावणं सोडलं नाही. सोडलं असतं तर जैतूला खात्रीच पटली असती की ह्याच्या मनात पाप आहे. वर चढताना काही नसायचं. उतरताना मात्र ती यायची. आधी करंजापर्यंत. मग नदीपर्यंत. मग एक दिवस आवाज बाजारपेठेत आला... आणि घराच्या गल्लीच्या तोंडाशी थांबला.

त्याच आठवड्यात सुकापूरची भामा भाजीची पाटी घेऊन काकूंच्या दारात बसली. वांगी निवडून देता देता सहज बोलली, "वयनी, मास्तरांच्या मागं धावते ती बाय कोन?"

काकूंच्या हातातलं वांगं तसंच राहिलं. "कोणती बाई?"

"रोज दिसते नदीपाशी. फाटकं लुगडं हाय. पन पाय काय उचलते. मास्तरांचा पाय जिथं पडतो, तिथंच तिचा पडतो."

काका दुपारी जेवायला आले तेव्हा ओटीवर ट्रंक भरून ठेवलेली होती.

काकू ओरडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "इतकी वर्षं मी विचारत होते आणि तुम्ही हसत होतात. आता खरं सांगा. नाहीतर मी पेणला माहेरी जाते. परत यायची नाही."

ही गेली तर ह्या घरात आपण कुणासाठी परत यायचं? पण सांगायचं काय? बाई आहे म्हणायचं की नाही म्हणायचं? आणि का आहे, ते सांगायचं तर...

"गप्प बसलात ना? बरं. उद्या मी येते बरोबर. माझ्या डोळ्यांनी बघते कोण ती."

दुसऱ्या दिवशी दोघं निघाली. काकू लुगडं खोचून, चपला घालून, तोंड घट्ट मिटून. माडीचे जिने चढताना धाप लागणारी बाई, पण हट्टाला पेटलेली. करंजाखाली दोघांनी एकेक दगड ठेवला.

निम्म्या चढावर एक रुंद खडक होता. तिथे काकू मटकन बसल्या. तोंड लालबुंद झालं होतं.

काका समोर उभे राहिले आणि एकदम सगळं बोलून गेले. धुकं, दोन दगड, साळू, जैतूला सांगितलेलं खोटं, मागून येणारी पावलं. सगळं.

काकू ऐकत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "किती दिवस जिवंत होती ती?"

"दोन."

"आणि त्या संध्याकाळी तुम्ही माझ्या हातचा नैवेद्य जेवलात."

काकांना रडू कोसळलं. काकूंचेही डोळे भरले. पण त्यांनी पदराने आधी नवऱ्याचं तोंड पुसलं. म्हणाल्या, "वर जा. ती पडली तिथे हात जोडा. खाली उतरलो की जैतूपाशी खरं बोलायचं. मी असेन बरोबर. जा, मी इथे बसते."

काका सांगायचे, आयुष्यात त्यांना तेवढं हलकं कधी वाटलं नव्हतं. ते वर गेले. घळीच्या तोंडाशी हात जोडले. उतरायला लागले.

मागे आवाज नव्हता.

थांबून कान दिला...

काहीच नाही.

ते आनंदाने धावतच खडकापर्यंत आले.

खडकावर कुणी नव्हतं.

"अगं..."

उत्तर नाही.

काका ठेचकाळत पायथ्याला पोहोचले. करंजाखाली काकू उभ्या होत्या. धाप नाही. घाम नाही. पाय अनवाणी.

"चपला?"

"तुटल्या."

काकांनी कातळाकडे पाहिलं. कातळ रिकामा होता.

"उचलले दोन्ही. चला, उशीर होतोय."

"जैतूला सांगायचं ना?"

"कशाला? राहू दे."

आणि काकांना, खरं सांगायचं तर, बरंच वाटलं. त्यांनी पुढे विचारलं नाही.

नदीपाशी भामा भेटली. "आज दोघंच? ती बाय नाय आली?" काकू उत्तर न देता पुढे निघून गेल्या.

ट्रंक पुन्हा आत गेली. घर पूर्वीसारखं चालू झालं. दुसऱ्या दिवसापासून काकू काकांच्या आधी उठू लागल्या. टेकडीवर त्या पुढे आणि काका मागे. कुठे थांबणं नाही, बसणं नाही.

पंधरा दिवस गेले. एका संध्याकाळी काका दुकान बंद करून मुद्दाम दोन तास उशिरा घरी गेले. दार उघडलं गेलं. पाट मांडला गेला. पान वाढलं गेलं.

कुठे होतात, हे विचारलं गेलं नाही.

त्या रात्री काकांना झोप लागली नाही.

संक्रांतीला काकू हळदीकुंकवाला गेल्या, तेव्हा काका एकटेच मोरकड्यावर गेले. खडकाच्या पलीकडे, वाटेला लागूनच, दुसरी एक घळ सुरू होत होती. आत गच्च करवंदी. तिच्या काठावर उभं राहून त्यांनी बायकोला नावाने हाक मारली. अठरा वर्षांत ते नाव त्यांनी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. "दमयंती..."

काहीच आलं नाही. आणि आता येणार तरी काय होतं? महिना होत आला होता.

वाडीत जाऊन जैतूला सांगावं, घळ शोधा, असं त्यांच्या मनात आलं. पण कुणाला शोधा म्हणून सांगणार? बायको तर रोज घरात भाकऱ्या थापत होती. आणि कातळावर दगड नव्हता.

हे सगळं काकांनी मला बारा वर्षांनी, अडुसष्टच्या उन्हाळ्यात सांगितलं. आम्ही ओटीवर बसलो होतो. काकांची तब्येत ठणठणीत होती. छातीची धडधड कधीच गेली होती.

मी म्हणालो, "काका, मनाचे खेळ असतील. तुम्ही त्यांना काही विचारून पाहिलंत का?"

"पाहिलं रे. लग्नात कुणी काय आहेर केला, तिच्या आईचं आजारपण, सगळं विचारलं. सगळं बरोबर सांगते. एक अक्षर चुकत नाही." काका आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "फक्त माझ्यावर संशय घेत नाही."



ते विजारीची शिवण बोटाने चाचपत होते. मग त्यांनी मला विचारलं, "ती माझी... तिथे वर किती दिवस जिवंत असेल रे?"

आत काकू आमच्यासाठी चहा गाळत होत्या.