झाकणाखालचे थेंब

सोमवारी सकाळी मुकाईसान कानाझावा स्टेशनच्या पूर्व दारापाशी ठरल्या वेळेच्या पाच मिनिटं आधीच येऊन उभे होते, आणि ते बघून चिगुसाचा जीव भांड्यात पडला. एकट्या पाहुण्याला सात दिवस फिरवायचं म्हणजे आठवडा कसा जाणार हे पहिल्या भेटीतच कळतं. बावीस वर्षं ती खासगी गाइडचं काम करत होती. बस सुटायच्या वेळी आइस्क्रीम घ्यायला जाणारे, देवळाच्या पायऱ्या बघून मटकन खाली बसणारे, सगळे नमुने तिने पचवले होते. हे गृहस्थ साठीच्या आतबाहेरचे, पायात तपकिरी बूट, हातात लहानशी बॅग, आणि चेहरा असा की पाठ फिरवली की आठवू नये.

"इवासेसान, एक विनंती होती," ते तिला आडनावाने हाक मारत म्हणाले. "रात्रीचं जेवण माझ्यासमोर बसून घ्याल? एकट्यानं जेवायची मला सवय नाही."

गाइड मंडळी हॉटेलात मागच्या खोलीत, मिळेल ते खाऊन घेतात. समोर बसून दहा पदार्थांचं जेवण म्हणजे तिची चैनच होती. "आनंदाने," ती म्हणाली.

हा आठवडा संपायची ती वेगळ्याच कारणासाठी वाट बघत होती. सात वर्षांपूर्वी, अशाच नोव्हेंबरात, तिचा नवरा तेरुहिको सकाळी छत्री घेऊन कामाला गेला आणि परत आलाच नाही. ना चिठ्ठी, ना प्रेत, ना बँकेतून काढलेला एक येन. तेव्हापासून ती ना धड बायको होती, ना धड विधवा. घरात ती आणि तिची सासू तोमे, दोघीच. आणि तिसरं ते ताट.

वाटेवर असलेल्या माणसाच्या नावाने घरी ताट मांडायची जपानात जुनी रीत आहे. तोमेबाई रोज संध्याकाळी कोनाड्यात मुलाच्या फोटोसमोर ताट मांडायच्या. भात, सूप, भाजी, लोणचं. जेवायच्या काड्या डावीकडे, कारण तेरुहिको डावरा. लहानपणी फटके खाऊनही त्याने हात बदलला नव्हता. मग थोड्या वेळाने त्या सूपच्या वाडग्याचं झाकण उचलून उलटं करायच्या. आतून थेंब जमलेले दिसले की माणूस जिथे आहे तिथे सुखरूप आहे.

"आहेत बघ थेंब," त्या सात वर्षं रोज म्हणायच्या.

"आई, गरम सूपवर झाकण ठेवलं की थेंब जमणारच. त्याला वाफ म्हणतात," चिगुसा म्हणायची. सुरुवातीला हळू आवाजात, पुढे पुढे चिडून.

शेवटी या नोव्हेंबरात तिने स्पष्टच सांगितलं होतं. "कायद्यानं सात वर्षं दिलीत. मी पुरी सात थांबले. या दौऱ्यावरून रविवारी परत आले, की सोमवारी कोर्टात अर्ज देणार. त्याला मृत ठरवू दे. आणि ते ताट बंद."

तोमेबाईंनी ताटातल्या काड्या सरळ केल्या. "रविवारपर्यंत मांडू दे," एवढंच त्या म्हणाल्या.

पहिला मुक्काम गोकायामाच्या डोंगरातल्या, उतरत्या गवती छपरांच्या गावात होता. चुलीभोवती ताटं मांडली गेली. मुकाईसानांनी सूपचं झाकण उचललं, तशी वाफ भसकन वर आली. त्यांनी झाकण उलटं करून शेजारी ठेवलं. चिगुसाची नजर सहज गेली. झाकण आतून कोरडं ठणठणीत होतं, पुसून ठेवल्यासारखं.

असेल काहीतरी, नवं लाखकाम असेल, म्हणून तिने सोडून दिलं. पण मुकाईसानांनी काड्या उचलल्याच नाहीत.

"आवडलं नाही का?"

"छे छे. पोट भरलंय." मग ते म्हणाले, "अळकुड्या आज जास्त शिजल्या होत्या. पण चव छान."

ताटात अळकुड्या नव्हत्याच. प्रवासाने दमलेत बिचारे, असं तिला वाटलं.

आठ वाजता तिने नेहमीप्रमाणे घरी फोन केला. "जेवलात का, आई?"

"जेवले. अगं, आज अळकुड्यांचा नुसता लगदा झाला. गॅसवर ठेवून विसरले. पण असू दे, तेरुहिकोला मऊच लागतात."

चिगुसाने फोन ठेवला आणि ती बराच वेळ हातपाय धुवायच्या जागी नळ सोडून उभी राहिली. मग तिने स्वतःलाच झापलं. नोव्हेंबर आहे, अर्ध्या देशात अळकुड्याच शिजत असणार.

मंगळवारी ताकायामात तेच झालं. कोरडं झाकण, न उष्टावलेलं ताट. "शलगमाला लिंबाच्या सालीचा वास काय सुरेख लागला होता," मुकाईसान म्हणाले. त्या रात्री घरी काय केलं होतं हे चिगुसाने फोनवर विचारलंच नाही. तोमेबाईंनी आपण होऊनच सांगितलं: शलगम, वर लिंबाची साल. "हो का" म्हणून चिगुसाने घाईने फोन ठेवला.

बुधवारी ते ओकुहिदातल्या गरम झऱ्यांच्या हॉटेलात उतरले. दिवसभर मुकाईसान अगदी आदर्श पाहुणे होते. रोपवेत गप्प, पुलावर गप्प, प्रत्येक गोष्टीला मान हलवणार. संध्याकाळी ताटं आली आणि ते अंघोळीला निघून गेले. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. वाढणारी बाई दोनदा डोकावून गेली. मग सरकत्या दारापाशी हॉटेलचा म्हातारा स्वयंपाकी येऊन गुडघ्यांवर बसला आणि त्याने कपाळ चटईला टेकवलं.

"ताकायामाहून फोन आला होता. तिथेही पाहुण्यांनी काही घेतलं नाही म्हणे. आमचं काही चुकलं तर सांगा. मासा बदलू का?"

चिगुसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सत्तरीचा माणूस, पहाटेपासून राबलेला, आणि आपला पाहुणा त्याचं ताट जसंच्या तसं परत पाठवणार! बावीस वर्षांत तिच्यामुळे एकाही स्वयंपाकघराचा असा अपमान झाला नव्हता. तिने हसून सांगितलं, पाहुणे आता येतील, मनापासून जेवतील. तो गेल्यावर तिने इकडेतिकडे पाहिलं, मुकाईसानांचं ताट स्वतःपुढे ओढलं आणि भरल्या पोटी ते सगळं संपवलं. मासा, भाजी, भाताचं शेवटचं शीत. सूप घशाखाली गेलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की ते वाफाळत होतं, पण जिभेला गार लागत होतं.

मुकाईसान परतले. रिकाम्या ताटाकडे त्यांनी पाहिलं.

"तुम्ही खाल्लंत."

"माफ करा. स्वयंपाक्याला वाईट वाटलं असतं, म्हणून—"

"माफी कसली त्यात? कुणीतरी खायलाच हवं होतं." आणि तीन दिवसांत ते पहिल्यांदा हसले.

गुरुवारी सकाळी चिगुसा जागी झाली ती भुकेने. न्याहारीला तिने तीन वाडगे भात खाल्ला. बसस्टॉपवर भाताचे दोन लाडू खाल्ले. मात्सुमोतोच्या किल्ल्यात, जिने चढताना, तिच्या पोटात अक्षरशः आग पडली होती. मुकाईसान मात्र भलत्याच रंगात होते. गालांवर लाली, चालण्यात जोर. रात्री त्यांनी झाकण उचललं आणि त्यातून टपटप थेंब चटईवर पडले. ते भुरके मारत जेवले आणि भात दोनदा मागून घेतला.

चिगुसाने स्वतःचं झाकण उचललं. वाफ आली. झाकण कोरडं होतं.

तिने त्यावरून बोट फिरवलं. दोनदा फिरवलं. मग धावत खोलीत जाऊन फोन लावला.

"आई, सगळं ठीक आहे ना?"

"मी ठीक आहे गं. तुझीच काळजी लागलीये." तोमेबाईंचा आवाज दबका होता. "हसशील मला. पण तूही प्रवासात आहेस, म्हणून सोमवारपासून तुझंही ताट मांडते त्याच्या शेजारी. तीन दिवस छान थेंब होते. आज तुझं झाकण कोरडं निघालं. सूप उकळत होतं, चिगुसा. बरी आहेस ना?"

"वाफ असते ती, आई," चिगुसा म्हणाली. पण आज तिला ते खरं करून दाखवता येत नव्हतं.

शुक्रवारी मात्सुमोतोतच दुसरा मुक्काम होता. संध्याकाळी एकच ताट आलं.

"दोन हवीत," चिगुसा म्हणाली.

वाढणारी बाई काल तिच्याशी गप्पा मारून गेली होती. आज ती तिच्या खांद्याच्या वरून भिंतीकडे बघत राहिली. मग मुकाईसानांकडे वळून म्हणाली, "साहेब, अजून काही आणू?"

"मी एकटाच आहे. पुष्कळ झालं," ते म्हणाले.

"मुकाईसान! ही कसली थट्टा?" चिगुसा ओरडलीच. बाई दार सरकवून शांतपणे निघून गेली. मुकाईसानांनी सूप पिऊन वाडगा खाली ठेवला. तेव्हा तिला दिसलं. काड्या डाव्या हातात होत्या.

कालपर्यंत ते उजव्या हाताने जेवत होते का? ते जेवलेच एकदा होते. तिला आठवेना.

शनिवारी, त्सुमागोच्या जुन्या रस्त्यावरून चालताना, तिने दर चहाच्या दुकानापाशी हाक मारली. कुणीही वर पाहिलं नाही. बाकावरचं एक कुत्रं तेवढं उठून आत गेलं. तिने घरी फोन लावला.

"हॅलो?" तोमेबाई म्हणाल्या. "हॅलो? कोण आहे? बोला की!"

"आई, मी! मी चिगुसा!"

"नुसता वारा येतोय," तोमेबाई कुणालातरी उद्देशून पुटपुटल्या आणि फोन बंद झाला.

घरात तर दुसरं कुणी नव्हतं.

रविवारी परतीच्या गाडीत मुकाईसान खिडकीशी बसून बेंतोचा डबा खात होते. चिगुसा समोर बसली होती, पोटाशी हात दाबून.

"मला तुमच्याकडून काय हवं होतं?" तिने विचारलं. मग दचकली. तिला उलट विचारायचं होतं.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. सगळ्या गाडीत फक्त तेच तिच्याकडे बघत होते.

"चिगुसा," ते म्हणाले. इवासेसान नाही. "भूक लागली असेल तुला. मलाही पहिल्या वर्षी फार लागायची."

कानाझावा आलं. ते उतरले आणि गर्दीत शिरले. ती मागोमाग धावली.

प्रवासी दिसला की आपोआप उघडणारं टॅक्सीचं दार तिच्यासाठी उघडलं नाही. पुढच्या टॅक्सीचंही नाही.

ती चालत घरी गेली. साडेसहा वाजले होते. गल्लीतच शलगमाचा वास आला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, इतकी ती भुकेली होती.

उंबऱ्यापाशी तपकिरी बूट होते. टाचा घराकडे, चवडे रस्त्याकडे, नीट जुळवून ठेवलेले.

"मी आले," ती म्हणाली.

"ये" असं कुणी म्हणालं नाही.

खोलीत तोमेबाई बसल्या होत्या. रडून रडून चेहरा सुजलेला, आणि तरी हसत होत्या. समोर तो बसला होता.

"खा रे, तेरुहिको. अजून घे. सात वर्षांचं राहिलंय."

चेहरा मुकाईसानांचाच होता. निदान तिला तसं वाटलं. तेरुहिकोचा कसा होता ते तिला आठवेना, म्हणून ताडून पाहायला ती कोनाड्याकडे वळली. सात वर्षं तिथे असलेला फोटो तिथे नव्हता. तिथे आता तिचा फोटो होता, गाइडच्या परवान्यावरचा.

त्या फोटोसमोर ताट होतं. तिचा लाल वाडगा. काड्या उजवीकडे.

चिगुसा ताटासमोर कोसळल्यासारखी बसली आणि खायला लागली. भात, भाजी, लोणचं. सूप पोटात गेलं आणि चार दिवसांत पहिल्यांदा ती आग जरा विझली. तिने खाली पाहिलं. ताटातलं काहीच कमी झालेलं नव्हतं.

तोमेबाई उठून आल्या. त्यांनी तिच्या अंगावरून हात नेऊन वाडग्याचं झाकण उचललं आणि दिव्याकडे धरलं.

"आहेत का थेंब?" मागून त्याने विचारलं.

"एकच आहे."

"किती दिवस मांडणार आहेस, आई?"

तोमेबाईंनी झाकण परत वाडग्यावर ठेवलं, अगदी हळू, आवाज न होऊ देता.

"कायद्यानं सात वर्षं दिलीत ना," त्या म्हणाल्या. "तोवर मांडते."